नागपुरातल्या मांत्रिकाची कादंबरी लिहायची आहे? आधी हा क्रम पाळा

ओळखीतले नवे लेखक अधूनमधून बाडं वाचायला देतात. त्यातली बरीच एकाच जातीची असतात. आजच्या नागपुरात राहणारा एक मांत्रिक, त्याच्यासमोर काळी विद्या जाणणारा कुणी दुष्ट, आणि शेवटी शून्य मैलाच्या दगडापाशी, त्या चार घोड्यांच्या साक्षीनं, घनघोर लढाई. कल्पनेत खोट नसते, पण चौथ्या-पाचव्या प्रकरणात गाडी रुतते. लेखक मग मला विचारतो, "भाऊ, पुढं सुचून नाही राहिलं."

सुचत नाही याचं कारण बहुतेक वेळा क्रमात असतं. आधी मांत्रिक, मग मंत्र, मग खलनायक आणि उरलेल्या जागेत नागपूर, असं रचत गेलात की पुढं अडणारच. क्रम असा हवा: शहर, जादूचा खर्च, शत्रू आणि मग नायक.

ही चूक मीही केली आहे. माझा पहिला खर्डा दोनशेच्या वर पानांचा होता. बहिणीनं तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "याला हे सगळं येतच होतं, तर पहिल्या दिवशीच का नाही केलं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. बाड माळ्यावर गेलं, ते अजून तिथंच आहे.

## टप्पा १: पाय आधी, पेन नंतर

दोन आठवडे काही लिहू नका, फक्त फिरा. सोबत एक जाड वही, शहराचा छापील नकाशा आणि पाण्याची बाटली ठेवा. फोनवरचा नकाशा रस्ता दाखवतो. भिंतीवर लावलेल्या छापील नकाशात मात्र कोणती वस्ती कोणाकडं पाठ करून बसली आहे, हे एका नजरेत कळतं.

पूर्ण शहर कवेत घेऊ नका. पाच जागा निवडा आणि प्रत्येक जागी तीन वेळा जा: पहाटे, भर दुपारी आणि रात्री जेवणं झाल्यावर. वहीत प्रत्येक जागेसाठी दोन गोष्टी लिहा. इथं दिवसा कोणाचं पोट चालतं? रात्री इथलं काय बदलतं? ज्या जागेला ही दोन्ही उत्तरं मिळाली नाहीत, ती कादंबरीतून काढून टाका, मग ती कितीही प्रसिद्ध असो.

नमुन्यासाठी माझ्या वहीतल्या काही नोंदी देतो.

रुळांचा चौरस्ता. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या रेल्वेवाटा नागपुरात एकमेकींना छेदतात. डायमंड क्रॉसिंग म्हणतात ते हेच. लोकसमजुतीत उतारा तिठ्यावर किंवा चौरस्त्यावर टाकतात, म्हणजे ओलांडणाऱ्याच्या मागे पीडा जाते. मग या चौरस्त्यावर टाकलेला उतारा कोणत्या गावी पोचेल? एवढ्या एका प्रश्नावर तीन प्रकरणं निघतात.

बर्डीचं, म्हणजे सीताबर्डीचं मेट्रो स्थानक. खापरीहून येणारी मार्गिका आणि लोकमान्यनगरहून येणारी मार्गिका इथं एकमेकींवरून जातात. हाही चौरस्ताच, फक्त हवेत उचललेला. जुने नियम इथं लागू पडतात का, हे तुम्ही ठरवायचं.

अजब बंगला. मध्यवर्ती संग्रहालयाला जुनी माणसं अजून याच नावानं ओळखतात. नाव आयतं मिळालं आहे, त्यावर आणखी शेंदूर फासू नका.

जुनापाणी. काटोल रस्त्यानं शहराबाहेर पडलं की महापाषाणयुगीन शिळावर्तुळं लागतात. मोठमोठ्या दगडांची गोल रिंगणं, काही दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे. पुरातत्त्व खात्याची जागा आहे. पाहा, टिपणं घ्या, दगड हलवू नका.

नाग नदी. अंबाझरीकडून येते आणि भर वस्तीतून पूर्वेला जाते. जिच्यावरून शहराचं नाव पडलं ती आज बऱ्याच ठिकाणी नाल्यासारखी दिसते. हस्तलिखितांत मात्र ती चांदण्यात खळाळत असते. अशी ओळ दिसली की लेखक पुलावर कधी थांबला नव्हता, हे लगेच कळतं.

> सावधान: सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. वर्षातले मोजके राष्ट्रीय दिवस सोडले तर सामान्य माणसाला आत जाता येत नाही. तुमचा नायक मध्यरात्री तिथं "सहज" शिरत असेल, तर तो प्रसंग खोडा किंवा शिरण्यासाठीच एक प्रकरण खर्च करा. आणि स्वतः रुळांवर उतरून टिपणं काढू नका. तो गुन्हा आहे. पुलावरून सगळं दिसतं.

### ऋतू ठरवा, तोही आत्ताच

भयकथा म्हटली की आपल्या हाताला धुकं, पाऊस आणि करकरणारं दार लागतं. हे सगळं दुसरीकडून उसनं आणलेलं आहे. नागपूरची खरी भीती मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता असते. पारा पंचेचाळीसच्या पुढं, रस्ते ओस, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, गल्लीभर फक्त कूलरची घरघर. घरात कुणी ओरडलं तरी शेजारी ऐकू जाणार नाही. आणि आपल्या जुन्या समजुतीत भुतांची वेळ नुसती मध्यरात्र नसते. भर दुपारी बाराला मुलांना चिंचेखाली जाऊ देत नसत. तिन्हीसांजेचं तर सांगायलाच नको. म्हणजे शहर आणि समजूत दोन्ही तुमच्या बाजूनं आहेत, मग धुकं कशाला?

तपासणी: पाच जागांपैकी कोणत्याही एकीचं नाव झाकून वर्णन नागपूरकराला वाचून दाखवा. त्यानं जागा ओळखली तर पुढं जा. "पुण्यात असंल" म्हणाला तर परत फिरायला निघा.

## टप्पा २: जादूची खातेवही

सगळ्यात जास्त बाडं इथं पडतात, म्हणून या टप्प्यावर वेळ काढा. मी महिनाभर तरी देतो.

मंत्र शोधण्याआधी त्याची किंमत ठरवा. एका कागदावर चार प्रश्न लिहा:

1. ही शक्ती येते कुठून?
2. एकदा वापरली की नेमकं काय खर्च होतं?
3. खर्च झालेलं परत भरतं का, आणि किती वेळात?
4. वापरल्याची खूण मागं काय राहते?

दुसऱ्या प्रश्नाला "थकवा येतो" असं उत्तर देऊन सुटू नका. थकवा सगळ्यांनाच येतो. खर्च मोजता यायला हवा आणि तो शहराशी जोडलेला हवा.

एक उदाहरण करून दाखवतो. समजा प्रत्येक मंत्र अंगातलं पाणी घेतो. लहान मंत्राला अर्धा लिटर, मोठ्याला दोन लिटर. आता हिशेब मांडा. साठ किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ३६ लिटर पाणी असतं. वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास, की लक्ष विचलित व्हायला लागतं. दहा टक्के, म्हणजे सहा लिटर गेलं तर जिवावर बेततं. म्हणजे तुमच्या नायकाकडं एका दमात जास्तीत जास्त तीन मोठे मंत्र आहेत, आणि तिसरा म्हणताना तो मरू शकतो. शिवाय पहिल्या मोठ्या मंत्रानंतरच त्याचं डोकं नीट चालत नाही, म्हणून दुसरा चुकण्याची भीती आहे. मे महिन्यात तो मुळातच सुकलेला असतो, श्रावणात जरा सुखात.

एवढं ठरलं की कथानक आपोआप हलायला लागतं. शत्रू शहाणा असेल तर तो नवतपा गाठणार. रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरतो, २५ मेच्या सुमारास, त्यानंतरचे ते नऊ दिवस. नायक पाण्याच्या बाटलीशिवाय घराबाहेर पडणार नाही. नळाला पाणी येण्याची वेळ त्याच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न होईल. कूलरची टाकी हा शस्त्रसाठा ठरेल.

(हे उदाहरण उचलू नका. माझं स्वतःचं बाड याच्यावरच चाललं आहे.)

आता मुख्य गोष्ट. पांढरी जादू आणि काळी जादू यांतला फरक काळे कपडे, कवटी किंवा स्मशानावर ठरवू नका. तो याच वहीतून निघायला हवा. माझ्या वहीत तो असा आहे: काळी जादू म्हणजे ज्या मंत्राचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. शत्रू मंत्र म्हणतो आणि पाणी जातं रस्त्यावरच्या हातगाडीवाल्याचं. माणूस कोसळतो, लोक म्हणतात ऊन लागलं. कुणालाच संशय येत नाही. नायकाला मात्र दिसतं की एकाच गल्लीत, सावलीत बसलेल्या चौघांना एकाच दुपारी ऊन लागलं आहे.

> सावधान: खर्चाचा नियम एकदा ठरला की नायकाच्या आईसाठीसुद्धा सूट नाही. "प्रेमाच्या बळावर" फुकट लागलेला मंत्र म्हणजे वाचकाची फसवणूक. तो पुस्तक तिथंच मिटतो.

तपासणी: शेवटच्या लढाईतली युक्ती नायकाला पहिल्या प्रकरणात वापरता आली असती का? हो असेल तर वही पुन्हा मांडा. माझ्या बहिणीचा प्रश्न तो हाच.

## टप्पा ३: शत्रू, आणि आपली जबाबदारी

आपल्याकडं काळी जादू हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. करणीच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, जीव गेले आहेत. संशय बहुतेक वेळा एकट्या बाईवर, विधवेवर, गरीब घरावर येतो. म्हणून गल्लीच्या टोकाला राहणारी, केस मोकळे सोडणारी म्हातारी शेवटी चेटकीण निघाली, असला उलगडा लिहू नका. तो शिळा तर आहेच, वर त्या समजुतीला खतपाणी घालतो. कोणत्याही जातीचं, जमातीचं किंवा पंथाचं नाव घेऊन "यांच्याकडं काळी विद्या असते" असं सुचवणंही टाळा. गोंडांचा भुमका हा गावाचं देवकार्य पाहणारा पुजारी आहे, तुमचा आयता अघोरी नव्हे.

कायदा वाचून घ्या. महाराष्ट्राचा नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे आणि त्याचं विधेयक त्या डिसेंबरात इथंच, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंजूर झालं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, गुप्तधनासाठी अघोरी कृत्यं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र मारत बसणं, हे सगळं त्याच्या अनुसूचीत आहे. कादंबरी लिहिण्यावर त्यात बंदी नाही. पण तुमच्या नायकाला तो लागू होऊ शकतो, आणि लेखकाचा फायदा तिथंच आहे. कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे, पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी. असा एक प्रामाणिक, कशावरही विश्वास न ठेवणारा अधिकारी नायकाच्या मागावर लावा. तो चूक नाही, नायकही चूक नाही. मला अशी जोडी कोणत्याही राक्षसापेक्षा जास्त कामाची वाटते. ज्या शहरात १९८२ साली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू झाली, तिथल्या मांत्रिकाला चळवळीतला एकही कार्यकर्ता कधी भेटत नाही, हे पटण्यासारखं नाही.

शत्रू कोण असावा? लोकसमजुतीकडं नीट पाहा. करणी परका करत नाही, भाऊबंद करतो, शेजारी करतो, भागीदार करतो. तिच्या मुळाशी जळफळाट किंवा जमिनीचा वाद असतो. म्हणून डोंगरावरच्या गुहेतला महाकाल बाजूला ठेवा. शत्रूला असं काहीतरी हवं असू द्या ज्याचा सातबारा निघतो: बुजवत आणलेलं तळं, महाल या जुन्या वस्तीतला एखादा वाडा, विहिरीचं पाणी.

### मारबतीचा मोह

नागपूर म्हटलं की मारबत येणारच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि "घेऊन जा गे मारबत" असा पुकारा. ईडापीडा सगळी तिच्यासोबत शहराबाहेर, आणि शेवटी जाळ. बहुतेक बाडांत ही मिरवणूक फक्त गर्दी दाखवायला येते. नायक पळतो, खलनायक पळतो, ढोल वाजतात. इतकी मोठी चीज अशी वाया घालवू नका. तुमच्या खातेवहीतला प्रश्न तिला विचारा: वर्षभराची पीडा जाळली, तर तो खर्च कोणाच्या खात्यावर पडला? आणि एखाद्या वर्षी ती जळायच्या आधीच कुणी पळवली तर?

## टप्पा ४: आता नायक

आत्ता कुठं नायक. आधी त्याला म्हणायचं काय ते ठरवा, कारण मराठीत इथं अडचण आहे. "जादूगार" म्हटलं की टोपीतून कबुतर निघतं. "मांत्रिक" म्हटलं की वर्तमानपत्रातली अटकेची बातमी आठवते. "देवरशी" या भागात उपरा वाटतो. "पंचाक्षरी" हा जुना, नेमका शब्द आहे, पण आजचा पोरगा त्याला पंचांगवाला समजेल. मला "जाणता" आवडतो. त्यात बढाई नाही आणि विदर्भातल्या खेड्यात तो कानाला खटकत नाही. काहीही निवडा, पण लोक तोंडावर वेगळं आणि पाठीमागं वेगळं म्हणतात हे विसरू नका. तोंडावर "भाऊ", पाठीमागं "तो लिंबूवाला".

दुसरं, त्याला नोकरी द्या. जादूवर पोट भरत असेल तर वरचा कायदा पहिल्याच आठवड्यात आडवा येतो. नोकरी अशी हवी की ती त्याला अनोळखी घरांत नेईल. कूलर दुरुस्त करणारा, वीज मीटर वाचणारा, नळाची गळती पाहणारा. एप्रिलमध्ये कूलरवाल्याला नागपुरात कोणतं घर बंद असतं? गच्चीवर जातो, मागच्या खिडकीत डोकावतो, बाया त्याच्यासमोर घरचं भांडण थांबवत नाहीत. चौकशीसाठी याहून बरा माणूस कुठं सापडणार?

भाकीत, जन्मखूण, "निवडलेला एकमेव" हे सगळं वगळा.

तपासणी: जादू काढून टाकली तर नायकाचा मंगळवार कसा जातो, हे एका पानात लिहा. पान भरलं नाही तर नायक अजून कच्चा आहे.

## टप्पा ५: भाषा

निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवाद नागपुरी. दोन्ही एकत्र कालवलं की वाचक दमतो. आणि "मले-तुले" लावलं म्हणजे नागपुरी झालं असं नाही. तिची खरी चाल "करून राहिला"मध्ये आहे. चांगला संवाद असा दिसतो:

"काय करून राहिला रे तिथं इतका वेळ?"

"पंप अटकला काकू. पाहून राहिलो."

"मले वाटलं भूत पाहून राहिला."

"तेही आहे. पण आधी पंप."

इथं कुणी बोली "दाखवत" नाही, नुसतं बोलतात. महालातली आजी, धरमपेठेतला वकील आणि कामठी रोडवरचा ऑटोवाला यांचं बोलणं वेगळं ठेवा. ऑटोवाल्याच्या वाक्यात निम्मी हिंदी येईल, येऊ द्या. "बे" मित्रांत चालतं; पोरगा काकूला "बे" म्हणाला तर वाचक हसेल. आणि पुण्याचा वाचक "सांबार" वाचून इडलीकडं जाईल, तेव्हा एकदा कोथिंबिरीची जुडी हातात दाखवा म्हणजे काम भागतं. तळटीप नको.

भुतांचीही बोली असते. देवचार आणि गिऱ्हा कोकणातले आहेत, त्यांना नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर आणून बसवू नका. आलेच तर कसे आले ते सांगावं लागेल. कोकणातून बदलीवर आलेलं भूत, हा विनोदी कथेचा विषय होऊ शकतो.

मंत्रांसाठी मोडकं संस्कृत रचू नका. खरे मंत्र उचलूनही टाकू नका. आजीच्या तोंडचे चार साधे शब्द, ठरलेल्या क्रमानं, एवढं पुरतं. अंगावर काटा त्यानंच येतो.

## टप्पा ६: मांडणी आणि पहिला खर्डा

लिहायला बसण्याआधी शत्रूची तारीखवार डायरी करा. त्यानं पाडव्याला काय केलं, नवतप्यात काय, मृगाचा पाऊस लांबला तेव्हा काय, पोळ्याला काय. नायकाला यातलं कोणतं केव्हा कळतं, याची दुसरी यादी. वाचकाला केव्हा कळतं, ही तिसरी. तीन याद्या शेजारीशेजारी भिंतीवर लावा. रहस्य या तिन्हींमधल्या अंतरात असतं. शत्रूचे दिवस न मांडता लिहिलं की तो फक्त नायकाला गाठायलाच जन्मल्यासारखा वागतो.

पहिलं प्रकरण लहान तक्रारीनं सुरू करा. एका घरातला कूलर रात्रभर चालतो आणि सकाळी टाकी भरलेलीच असते, इतकं पुरे. जगबुडी नंतर येऊ द्या.

साठ हजार शब्दांची कादंबरी धरली, तर रोजच्या पाचशे शब्दांनी १२० दिवस लागतात. मध्ये मागं वळून सुधारणा करू नका. नियम मोडल्याचं लक्षात आलं तर समासात खूण करा आणि पुढं चला. सुरुवातीपासून युनिकोडमध्ये टंका. जुन्या फॉन्टमधलं बाड बदलताना जोडाक्षरं फुटतात, आणि "मंत्र"चं काय होतं ते मी पाहिलं आहे.

## टप्पा ७: तीन वाचक

बाड तिघांना द्या. एक पक्का नागपूरकर, तो जागा आणि बोली तपासेल. एक बाहेरगावचा, त्याला कुठं अडखळायला झालं तेवढंच विचारा. आणि एक कशावरही विश्वास न ठेवणारा, जमलं तर चळवळीतला. तिसऱ्याला खातेवही आणि बाड दोन्ही द्या आणि सांगा, "हिशेबात चूक शोधा." माझ्या दुसऱ्या खर्ड्यात त्यानं अकरा काढल्या. अकरावी अशी होती की शेवटच्या प्रकरणात नायक साडेसात लिटर पाणी खर्चून चालत बर्डीला जातो आणि तर्री पोहे खातो.